घर लेस्टरला, कागद सांगलीचे

सांगली-मिरजेकडची मुलं परदेशात नोकरीला लागली की दोन-तीन वर्षांत घरात एक विषय निघतोच. 'भाड्यात एवढे पैसे घालवण्यापेक्षा घरच घेऊन टाकू.' मिरजेत नर्सिंग करून इंग्लंडच्या हॉस्पिटलात रुजू झालेली मुलगी असो, नाहीतर वालचंदमधून बाहेर पडून जर्मनीला गेलेला इंजिनिअर असो, महिन्याचा हप्ता त्यांना झेपतो. अडतं ते सुरुवातीच्या रकमेपाशी. मग इकडे आईवडील म्हणतात, 'तेवढं आम्ही घालतो.' एफडी मोडायचं ठरतं, एखादा प्लॉट विकायचं बोलणं सुरू होतं, आणि पुढचं सगळं मुलगी तिकडे बघेल असं धरून सगळे निर्धास्त होतात.

घोळ होतो तो इथेच. घर परदेशात असलं तरी त्या व्यवहाराचं निम्मं काम सांगलीत व्हायचं असतं, आणि ते घर बघायला लागण्याच्या आधी व्हायचं असतं. कर सल्ल्याच्या कामामुळे अशी कुटुंबं माझ्याकडे येतात. बहुतेक जण उशिरा येतात. घर ठरलेलं असतं, तिकडच्या वकिलाने कागद मागितलेले असतात, आणि पैसे कुठून कसे जमले हे दाखवणारा एकही कागद हाताशी नसतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय. उदाहरण इंग्लंडचं घेतो, कारण तिथली पद्धत आपल्यापेक्षा फार वेगळी आहे. बाकीच्या देशांचं पुढे थोडक्यात.

समजा, मुलगी लेस्टरला आहे. तीन लाख पौंडांचं घर तिला आवडलंय. बँक नव्वद टक्के कर्ज देतेय, म्हणजे तीस हजार पौंड स्वतःचे लागणार. थोडे तिने साठवलेत आणि आईवडील इथून तीस लाख रुपये द्यायला तयार आहेत. पौंड ११५ रुपयांचा धरला तर ते साधारण २६,००० पौंड होतात. हाच हिशोब पुढे धरून चालू.

नाव कुणाचं लावायचं?

वडिलांचा पहिला प्रश्न हाच असतो. एका गृहस्थांनी मला स्पष्टच विचारलं, 'साहेब, आयुष्यभराची पुंजी घालतोय, मग घराला माझं नाव नको का लावायला?' त्यांचं म्हणणं आपल्या रीतीला धरूनच होतं. आपल्याकडे पैसे घालणाऱ्याचं नाव लागतं. आईचं, बायकोचं नाव तर कौतुकाने लावतात. एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूटही मिळते.

इंग्लंडात मात्र एक नाव वाढलं की कर कुठल्या कुठे जातो. तिथली स्टॅम्प ड्युटी कोण घेतंय यावर ठरते. मुलीच्या एकटीच्या नावावर घर असेल, ते तिचं आयुष्यातलं पहिलं घर असेल, ती स्वतः त्यात राहणार असेल आणि खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान १८३ दिवस ती ब्रिटनमध्ये असेल, तर तीन लाख पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्युटी शून्य. तीन ते पाच लाखांच्या मधल्या रकमेवर ५ टक्के. किंमत पाच लाखांच्या वर गेली की ही सवलत सगळीच जाते. १ एप्रिल २०२५ पासून असे दर आहेत.

आता तिच्या जोडीला वडिलांचं नाव लावून बघू. वडिलांच्या नावावर सांगलीत घर आहे, म्हणजे ते पहिल्यांदा घर घेणारे नाहीत. सगळेच खरेदीदार पहिल्यांदा घेणारे असतील तरच सवलत मिळते, म्हणून मुलीचीही सवलत गेली. नेहमीच्या दराने तीन लाखांवर ५,००० पौंड भरायचे. त्याशिवाय, ज्याच्या मालकीचं जगात कुठेही दुसरं घर आहे त्याने घेतलेल्या घरावर पूर्ण किमतीच्या ५ टक्के जादा. सांगलीतलं घर यात धरतात. आधी हा जादा कर ३ टक्के होता, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ झाला. त्याचे १५,००० पौंड. आणि खरेदीदारांपैकी एकजण जरी ब्रिटनबाहेर राहणारा असला, तरी आणखी २ टक्के. त्याचे ६,०००. बेरीज २६,००० पौंड.

म्हणजे आईवडिलांनी जेवढे पैसे पाठवले, जवळपास तेवढेच नुसतं नाव लावल्यापायी सरकारजमा झाले. हा आकडा कागदावर मांडून दाखवला की बहुतेक वडील नावाचा आग्रह सोडतात. मी तर म्हणेन, नाव लावायचा विचारसुद्धा करू नका.

पण एवढ्याने भागत नाही. मुलीचं स्वतःचं नाव इकडच्या एखाद्या घराला लागलंय का, हेही बघावं लागतं. आजोबा वारले, वारसनोंद झाली आणि गावभागातल्या जुन्या वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर सगळ्या वारसांची नावं चढली. त्यात मुलीचंही चढलं. तिला ते आठवतही नसतं. इंग्लंडचा कायदा मात्र वारसाने आलेला हिस्साही मालकीच धरतो, त्यामुळे 'पहिलं घर' ही सवलत गेली. हिस्सा ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल, तर वरचा ५ टक्के जादा करही लागू शकतो. वारसाने नुकताच आलेला आणि निम्म्यापर्यंतचा हिस्सा असेल तर त्यातून तीन वर्षांची सूट आहे, म्हणून वारसनोंदीची तारीख महत्त्वाची. नंतर हक्कसोडपत्र करून दिलं तर जादा कर टळू शकतो, पण 'पूर्वी मालकी होती' ही गोष्ट पुसली जात नाही. नुसत्या शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर नाव असेल तर अडचण नाही, कारण तो राहत्या घराचा हक्क नव्हे. शेतात बांधलेलं घर असेल तर मात्र वकिलाला सांगावं लागतं.

लग्न झालेलं असेल तर जावयांच्या नावाचंही तसंच. पुण्यात हिंजवडीला त्यांचा फ्लॅट असेल आणि लेस्टरचं घर मुलीच्या एकटीच्या नावावर घेतलं, तरी एकत्र राहणाऱ्या नवराबायकोला जादा कराच्या बाबतीत एकच धरतात. हे लपवून ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. स्टॅम्प ड्युटीच्या विवरणपत्रावर मुलीला प्रतिज्ञा करावी लागते, आणि तिला त्याच देशात पुढे राहायचंय.

बक्षीस म्हणजे बक्षीसच

नाव न लावता पैसे दिले की ते बक्षीस ठरतात. कर्ज देणारी बँक आणि वकील आईवडिलांकडून एक पत्र लिहून घेतात. ही रक्कम परत मागणार नाही, यावर व्याज घेणार नाही, घरावर आमचा कसलाही हक्क नाही, अशी त्याची भाषा असते. 'तसं लिहून देऊ, पण पोरगी नंतर फेडणार आहे' असं घरात ठरलेलं असेल, तर ते खोटं पत्र झालं. परतफेड करायचीच असेल तर बँकेला तसं सांगावं लागतं. मग तो हप्ता बँक तिच्या पगारातून वजा धरते आणि कर्जाची रक्कम कमी होते.

म्हणून आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं असतं. जेवढं परत आलं नाही तरी चालेल तेवढंच द्या. मुलीच्या घरासाठी शेवटची एफडी मोडू नका. उद्या मिरजेच्या दवाखान्यात डिपॉझिट भरायची वेळ आली, तर लेस्टरच्या घराची वीट विकून पैसे येत नाहीत. मुलीला पाच हजार पौंड कमी पडले तर ती सहा महिने थांबेल, नाहीतर थोडं लहान घर घेईल. आईबापांनी ओढाताण करून दिलेल्या पैशाचं ओझं मुलांनाही जाणवतं, हे मी पाहिलंय.

परदेशी राहणाऱ्या मुलीला आईवडिलांनी दिलेल्या बक्षिसावर भारतात कर नाही. तिकडे ही रक्कम मिळाली म्हणून तिलाही आयकर नाही.

पैसा कुठून आला ते सांगा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. इंग्लंडात घरखरेदीचं कायदेशीर काम करणाऱ्या वकिलाला २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांप्रमाणे पैशाचा उगम तपासणं बंधनकारक आहे. नुसतं बँक स्टेटमेंट दाखवून चालत नाही. त्या खात्यात ती रक्कम आली कुठून, हे त्याला कागदावर बघायचं असतं. त्याने तपासलं नाही तर त्याच्यावर कारवाई होते, त्यामुळे 'अहो, आमचे कष्टाचे पैसे आहेत' या शब्दाला तिथे वजन नाही.

निवृत्त माणसाचं सोपं असतं. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे आदेश, रक्कम जमा झाल्याची पासबुकातली नोंद, तिथून केलेल्या एफडीच्या पावत्या आणि मुदत संपून पैसे परत खात्यात आल्याची नोंद. साखळी पूर्ण. प्लॉट विकला असेल तर नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), खात्यात आलेली रक्कम आणि त्या वर्षीचं आयकर विवरणपत्र. सोनं मोडलं असेल तर सराफाची मोडीची पावती, आणि रक्कम चेकने किंवा खात्यावर आलेली हवी.

शेतकऱ्याचं थोडं निगुतीनं करावं लागतं, पण होतं. तासगावकडच्या एका बागायतदारांची फाइल मी पाहिली आहे, ती सांगतो. बेदाण्याच्या सौद्यातल्या अडत्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीची बिलं, त्यांनी तारखेवार लावलेल्या होत्या. प्रत्येक पट्टीवरची निव्वळ रक्कम आणि पासबुकातली जमा यांच्यावर पेन्सिलीने एकच नंबर टाकलेला. सोबत सातबारा, आणि त्यातल्या गाव नमुना बारामध्ये तीन वर्षांची द्राक्षबागेची पीकपाहणी लागलेली. म्हणजे जमीन कुणाची, तिच्यात काय पिकलं, माल कुणाला गेला, पैसे कुठे जमा झाले, सगळं एका धाग्यात. त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून पाठवलं आणि तिकडच्या वकिलाने पुढे काही विचारलं नाही. सांगलीच्या हळदीचा व्यापारी असो की आटपाडीचा डाळिंबवाला, पद्धत हीच.

अडकतं ते रोखीपाशी. जमिनीच्या व्यवहारात खरेदीखतावर एक आकडा आणि 'वरचे' वेगळे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ते वरचे पैसे परदेशी घरात घालता येत नाहीत. खात्यात रोख भरून पुढे पाठवायचे म्हटलं तरी तिकडचा वकील त्या नोंदीवर बोट ठेवतो. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं २०१७ पासून भारतातही कायद्याने बंद आहे, त्यामुळे विचारणारा फक्त लेस्टरचा वकीलच असेल असं नाही. जमीन विकून मुलीला पैसे द्यायचे मनात असेल, तर सौदा ठरवतानाच सगळी रक्कम पांढऱ्यात घ्यायची हे समोरच्याला सांगून टाका.

आणखी एक गोष्ट माणसं विसरतात. इथलं घर विकून इथे दुसरं घर घेतलं की भांडवली नफ्यावरचा कर वाचतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नवं घर भारतातच असलं पाहिजे, ही अट २०१४ च्या अर्थसंकल्पात कायद्यात आली. सांगलीचा फ्लॅट विकून मुलीला लेस्टरला घर घेऊन दिलं, तर ही सवलत मिळत नाही. तेवढा कर आधी बाजूला काढा.

पैसे पाठवायचे कसे

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली, बँकेतले लोक हिला एलआरएस म्हणतात, भारतात राहणाऱ्या प्रत्येक माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. आपल्या उदाहरणातली रक्कम त्याच्या खूपच आत आहे. पॅन लागतो, ए-टू फॉर्म भरावा लागतो, आणि फॉर्मवर कारण लिहावं लागतं. तिकडे बक्षीसपत्र दिलंय तर इथेही कारण नातेवाइकाला बक्षीस असंच हवं. इथे 'घरखरेदी' आणि तिथे 'बक्षीस' असं झालं की दोन्हीकडे प्रश्न येतात.

पतसंस्थेतून हे होत नाही. आपल्याकडे कितीतरी जणांची ठेव पतसंस्थेत असते. ती आधी परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेत आणावी लागते. खातं नवंकोरं असेल तर बँक मागच्या वर्षाचं स्टेटमेंट किंवा विवरणपत्र मागते, म्हणून हे शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि परदेशात घर घ्यायला पैसे पाठवायचेत म्हणून इथल्या बँकेकडून कर्ज काढायचं, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते तो कर. एका आर्थिक वर्षात एका माणसाने दहा लाखांच्या वर पाठवले की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. शिक्षण आणि औषधोपचाराला दर कमी आहे, पण बक्षीस आणि घरखरेदीला २० टक्केच. दहा लाखांची ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची, त्याआधी सात लाखांची होती. ती माणशी आहे, बँकेगणिक नाही. दोन बँकांतून पाठवले तरी बेरीज पॅनवर होते.

वडिलांनी एकट्याने एकाच वर्षात तीस लाख पाठवले तर वीस लाखांवर चार लाख टीसीएस. आई आणि वडील दोघांनी पंधरा-पंधरा पाठवले तर प्रत्येकी एक लाख, म्हणजे दोन लाख. वडिलांनी दहा मार्चमध्ये, दहा एप्रिलमध्ये आणि आईने स्वतःच्या खात्यातून दहा पाठवले, तर एक रुपयाही नाही. सगळं कायद्यात बसणारं आहे. फक्त त्यासाठी घराची तारीख आणि आर्थिक वर्ष यांचा मेळ आधी बसवावा लागतो. टीसीएस बुडत नाही, विवरणपत्रात वळता करून मिळतो, पण तोवर तेवढी जादा रक्कम हाताशी लागते आणि ऐन वेळी तीच नसते.

'इथे रुपये द्या, तिकडे पौंड मिळतील' असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. हा हवाला आहे, फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचा भंग आहे, आणि तसे आलेले पौंड तिकडचा वकील घेणारच नाही.

तिकडे काय चालतं

आपल्याकडे इसार दिला की शब्द पक्का झाला असं माणसं धरतात. मग साठेखत, खरेदीखत, दस्तनोंदणी, फेरफार. इंग्लंडात ऑफर मान्य झाली तरी कायद्याने कुणीच बांधलेलं नसतं. त्या वेळी पैसेही द्यायचे नसतात. विकणारा उद्या दुसऱ्याची जास्तीची ऑफर घेऊ शकतो, आणि घेणाराही मागे फिरू शकतो. मुलीने फोनवर 'घर मिळालं' सांगितलं म्हणून लगेच पेढे वाटू नयेत, ते यासाठी.

पुढचे दोन-चार महिने तपासणीत जातात. मुलीचा वकील स्थानिक पालिकेकडे, पाणी-ड्रेनेज कंपनीकडे, पर्यावरणाच्या नोंदींमध्ये शोध घेतो. बँक स्वतःपुरतं मूल्यांकन करते. ते बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का एवढंच बघतं, घर ओलं आहे का, छप्पर खचलंय का हे मुलीला सांगत नाही. त्यासाठी वेगळा सर्व्हेअर नेमावा लागतो. जुन्या घराला त्याची फी वाचवू नये. एस्टेट एजंट कितीही गोड बोलला तरी त्याची फी विकणारा देतो, तो त्याचाच माणूस. वास्तू, दार कुठल्या दिशेला, हे बघायचं असेल तर व्हिडिओ कॉलवर ऑफर देण्याआधी बघून घ्या. सर्व्हे आणि वकिलाचा खर्च झाल्यावर आईने 'दक्षिणेचं दार नको' म्हटलं तर मुलीच्या जिवाची फार घालमेल होते.

मग येतो करारांच्या अदलाबदलीचा दिवस, त्याला एक्स्चेंज म्हणतात. रिवाजाने दहा टक्के रक्कम इथे जाते आणि दोघेही बांधले जातात. यानंतर माघार घेतली तर ती रक्कम जप्त होऊ शकते. सांगलीहून गेलेले पैसे या दिवसाच्या बरेच आधी मुलीच्या खात्यात पोचलेले हवेत. त्यानंतर काही दिवसांनी कम्प्लीशन, म्हणजे उरलेले पैसे जातात आणि किल्ली मिळते.

मालकीची नोंद एचएम लँड रजिस्ट्रीत होते. ७ पौंड भरून कुणालाही ती बघता येते. आपला सातबारा हा मुळात महसुली कागद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, म्हणून आपण तीस वर्षांचा सर्च घेतो. तिथे नोंदलेल्या मालकीमागे सरकारची हमी असते. पण एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते, ती म्हणजे फ्रीहोल्ड की लीजहोल्ड. घर बहुतेक फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट आपलं. फ्लॅट बहुधा लीजहोल्ड. कुपवाड एमआयडीसीतला प्लॉट जसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, तसा हा प्रकार. पट्ट्याची वर्षं जशी सरतात तशी किंमत उतरते, आणि ८० च्या खाली गेली की मुदत वाढवणं महाग पडत आलंय, बँकाही काचकूच करतात. शिवाय दरवर्षी सर्व्हिस चार्ज, आणि तो वाढत जातो. ३० जून २०२२ पासूनच्या नव्या पट्ट्यांवर जमीनभाडं लावता येत नाही, जुन्यांवर ते असू शकतं. स्वस्त फ्लॅट दिसला की पहिला प्रश्न, पट्टा किती वर्षांचा उरलाय?

सांगलीकराला वेगळं शिकवावं लागत नाही असा एक प्रश्न आहे, पुराचं पाणी कुठवर येतं? २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांनी लेस्टरमध्येही हे विचारल्याशिवाय राहू नये. तिथे सोअर नदी वाहते. पोस्टकोड टाकला की सरकारी संकेतस्थळावर पुराचा धोका फुकट बघता येतो. इंग्लंडात कर्जाचं घर विम्याशिवाय घेता येत नाही, आणि पूरप्रवण भागात विमा परवडावा म्हणून २०१६ पासून फ्लड री नावाची योजना आहे. ती फक्त १ जानेवारी २००९ च्या आधी बांधलेल्या घरांना लागू आहे. नदीकाठचं नवंकोरं, चकचकीत घर म्हणजे विम्याला जड, हे उलटं गणित लक्षात ठेवा. आपल्याकडे नव्या इमारतीत जोतं उंच घेतलंय म्हणून माणसं निश्चिंत होतात, तिथे तसं होऊ नका. विम्याचा आकडा एक्स्चेंजच्या आधी हातात घ्या.

स्कॉटलंडचा कायदा आणि कर वेगळे आहेत. एडिंबरोच्या घराला हे नियम लावू नका.

बाकीचे देश

आधी बघायचं ते एवढंच, की आपल्या व्हिसावर घर घेता तरी येतं का? कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परदेशी लोकांच्या घरखरेदीवर बंदी घातली. वर्क परमिटवाल्यांना अटींवर सूट आहे, पर्मनंट रेसिडेंटना (पीआर) बंदी लागू नाही. ऑस्ट्रेलियात १ एप्रिल २०२५ पासून तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना जुनं, आधी वापरलेलं घर घेता येत नाही. सिंगापूरला परदेशी माणसाने घर घेतलं तर जादा स्टॅम्प ड्युटी ६० टक्के, त्यामुळे पीआर मिळेपर्यंत भाड्याने राहणंच शहाणपणाचं. जर्मनीत नोटरीशिवाय खरेदी वैधच होत नाही, आणि खरेदीकर राज्यागणिक साडेतीन ते साडेसहा टक्के. वर नोटरीची फी आणि एजंट असेल तर त्याचं कमिशन, आणि हा खर्च सहसा खिशातून करावा लागतो. अमेरिकेत तीस वर्षं एकाच व्याजदराचं कर्ज मिळतं ही मोठी सोय आहे, पण दरवर्षीची घरपट्टी हप्त्याइतकीच काळजीपूर्वक बघा. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, घरपट्टी मात्र जबर आहे.

दुबईचं वेगळं, कारण तिथे मुलं राहत नसली तरी इथली माणसंच गुंतवणूक म्हणून घेतात. परदेशी लोकांना ठरावीक भागांतच मालकी हक्काने घेता येतं, आणि नोंदणीला किमतीच्या ४ टक्के लागतात. बांधकाम चालू असलेल्या इमारतीचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे फक्त त्याच बांधकामासाठी राखलेल्या खात्यात, जायला हवेत, हा २००७ पासूनचा तिथला कायदा आहे. एजंट दुसरं कुठलंही खातं देत असेल तर तिथेच थांबा. आणि तिथे घर तुमच्या नावावर झालं की इथल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दरवर्षी दाखवावं लागतं. भाडं येत नसलं तरी. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दंड दहा लाख आहे.

पैसे जातात तो आठवडा

कम्प्लीशन बऱ्याचदा शुक्रवारी ठेवतात, आणि चोरही त्याच दिवसावर टपून असतात. वकिलाच्या नावाने हुबेहूब ईमेल येतो, 'आमचं बँक खातं बदललंय, रक्कम या खात्यावर पाठवा.' असे पैसे गेले की परत मिळणं फार अवघड. नियम एकच ठेवा. खाते क्रमांक पहिल्या भेटीत वकिलाकडून लेखी घ्यायचा, आणि पैसे पाठवण्याआधी आधीपासून माहीत असलेल्या फोन नंबरवर बोलून तो वाचून खात्री करायची. सांगलीहून मुलीच्याच खात्यावर पाठवा, वकिलाच्या खात्यावर थेट नको, म्हणजे बक्षिसाची नोंदही स्वच्छ राहते. मध्ये दिवाळीची सुट्टी, तिकडचा बँक हॉलिडे, शनिवार-रविवार असं आलं तर रक्कम पोचायला तीन-चार दिवस धरून चाला.

पैसे पोचले की आईवडिलांची एक जबाबदारी उरते. बँकेकडून टीसीएस कापल्याचं प्रमाणपत्र घ्या, रक्कम २६एएसमध्ये, म्हणजे आयकराच्या पोर्टलवरच्या कापलेल्या कराच्या उताऱ्यात, चढलीय का बघा. वडील विवरणपत्र भरतातच, त्यांना तो करात वळता होतो. आईचं उत्पन्न करपात्र नसतं म्हणून ती विवरणपत्र भरत नसते, आणि मग तिच्या नावावर कापलेला लाखभर रुपयांचा टीसीएस सरकारकडेच पडून राहतो. त्या वर्षी तिचंही विवरणपत्र मुदतीत भरा. पॅन आधारला जोडलेलं आणि बँक खातं आयकराच्या पोर्टलवर पडताळून ठेवलेलं असेल, तर ती रक्कम परताव्याच्या रूपाने तिच्या खात्यात येते.